एका न्हाणीघरात दोन चुली

बाथरूमची टाइल फुटते ती वरून काही पडल्यामुळे, असा आपला समज असतो. लोखंडी बादली निसटली, नळ बदलताना पाना आपटला, झालं. प्रत्यक्षात फरशी अनेकदा खालून फुटते. काँक्रीट आकसत असतं, वरची टाइल आकसायला तयार नसते, आणि दोघांच्या ओढाताणीत एके सकाळी दारापासून पाणी जायच्या ट्रॅपपर्यंत बारीक तडा दिसतो. या भांडणावर सापडलेला तोडगा जेमतेम ३ मिलिमीटर जाड आहे, प्लॅस्टिकचा आहे, आणि टाइल बसली की पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. त्याचं नाव अनकपलिंग मेम्ब्रेन. स्लॅब आणि टाइल राहतात एकाच घरात, पण ही चादर त्यांना वेगळ्या चुली मांडून देते. मग खालचा आकसो की फुगो, वरचीला त्याचा जाच नाही.

आमच्या भोपाळात ही वस्तू अजून नवखी आहे. मिस्त्रीला विचारलं तर तो पहिल्यांदा वॉटरप्रूफिंगच्या डांबरी शीटकडे बोट दाखवेल. म्हणून तिच्याबद्दलच्या या काही चटकदार गोष्टी. बाथरूम तोडायला काढण्याआधी वाचाव्यात अशा.

वाळतं म्हणजे आखूड होतं

काँक्रीट वाळताना मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर आखूड होतं. ऐकायला काहीच नाही. पण ३ मीटर लांबीच्या बाथरूममध्ये तो दीड मिलिमीटर होतो. हे आकसणं एका आठवड्यात आटोपत नाही, महिनोन् महिने चालतं. बिल्डरला ताबा द्यायची घाई, आपल्याला गृहप्रवेशाच्या मुहूर्ताची. तेव्हा ओलसर स्लॅबवर किंवा कालपरवा टाकलेल्या कोब्यावर टाइल चिकटवली जाते. टाइल भट्टीतून आलेली असते, तिचं आकसणं भट्टीतच संपलेलं. खालचा थर आखूड होत जातो आणि वरचा जिथल्या तिथे अडून बसतो. मग कधी तडा जातो, तर कधी दोन टाइल्स एकमेकींना रेटत तंबूच्या आकारात वर उचलल्या जातात, मोठा आवाज करून. घरातल्यांना वाटतं भूकंप झाला.

तापमानाचा हिशेब याहून लहान आहे, पण तो रोज होतो. भोपाळमधली जानेवारीची पहाट घ्या. पारा दहाच्या आसपास, फरशी गारठलेली, आणि तुम्ही गिझरचं कढत पाणी अंगावर ओतता. दीड मीटरच्या पट्ट्यातली टाइल २५ अंशांनी तापली तर जवळजवळ पाव मिलिमीटर वाढते. खालच्या स्लॅबला मात्र अंघोळीची बातमीच पोचलेली नसते. तासाभराने टाइल पुन्हा जागेवर येते. हे रोज, वर्षानुवर्षं. शिवाय काँक्रीट आणि व्हिट्रिफाइड टाइल एकाच उष्णतेला सारख्या वाढत नाहीत. काँक्रीट दर अंशाला टाइलच्या दीडपटीच्या घरात वाढतं. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात गच्चीवरच्या टाइल्स लवकर का सुटतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

रोमन लोकांचा नेचा

दोन थरांना थोडं सुटं ठेवायचं, ही कल्पना प्लॅस्टिकपेक्षा खूप जुनी. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात फरशीचीच कृती देतो. खाली मुठीत मावतील त्यापेक्षा लहान नसलेले दगड, त्यावर खडी आणि चुन्याचा थर, त्यावर फुटक्या कौलांचा चुरा तीन भाग आणि चुना एक भाग. आपल्याकडच्या सुरखीचीच ही भावंडं. लाकडी फळ्यांवर फरशी करायची असेल तर फळ्यांवर आधी नेच्याची पानं किंवा पेंढा पसरा, असं तो सांगतो. म्हणजे चुन्याने लाकूड खराब होणार नाही. त्याला चिंता लाकडाची होती, तरी लाकूड आणि फरशी यांच्यामध्ये न चिकटणारा एक मऊ थर आलाच. लाकूड ओलीने फुगतं, उन्हाळ्यात वाकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आपल्या आजोळच्या घरांतली शहाबादी फरशी आठवा. मुरूम चोपून, वर वाळू किंवा चुन्याचा जाड थर देऊन ती बसवलेली असे. चुना सिमेंटपेक्षा मवाळ, वाळू तर सुटीच. फरशी तसूभर सरकली तरी कुणाला कळत नसे. सांध्यात एक बारीक रेघ उमटायची, दिवाळीत ती भरली की संपलं.

१९५६ सालच्या दोन घटना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन इथे आली. ज्या टी. टी. नगरात सरकारी क्वार्टर्स उभी राहिली, त्यातली आद्याक्षरं तात्या टोपे यांची. त्याच वर्षी अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग नावाच्या रसायन अभियंत्याने लॅटिक्रीट ही कंपनी सुरू केली. सिमेंटच्या मसाल्यात लेटेक्स मिसळून टाइल पातळ थरात बसवता येते, हा त्याचा धंदा.

दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आज भोपाळमधल्या जुन्या क्वार्टरमधून कोलार रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये गेलेलं घर या दोन्हींच्या मध्ये उभं आहे. जुन्या पद्धतीत फरशी दीड-दोन इंच जाड मसाल्यावर बसायची. नव्या पद्धतीत टाइल आणि स्लॅब यांच्यामध्ये चिकट मसाल्याचे ४-५ मिलिमीटर. काम झटपट, वजन कमी, पकड जबरदस्त. आणि नेमकी ती जबरदस्त पकडच अंगाशी आली. जाड थर जी ओढाताण पोटात घालायचा, ती आता थेट टाइलच्या पाठीवर येऊ लागली. पातळ मसाल्याने हिरावलेली मोकळीक परत आणण्यासाठी पुढे मेम्ब्रेन आलं, असं मला वाटतं. एका सोयीने दुसऱ्या शोधाची गरज निर्माण केली.

शोध लावला टाइल बसवणाऱ्यानेच

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. अनकपलिंग मेम्ब्रेन कुठल्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाने रूढ केलं नाही. जर्मनीतल्या इझरलोन गावचे वेर्नर श्लूटर हे टाइल बसवणारे कारागीर. १९६६ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. टाइलच्या उघड्या कडा फुटतात म्हणून सत्तरच्या दशकात त्यांनी इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची धातूची पट्टी काढली. आज पायरीच्या कडेला, उंबरठ्याला दिसणाऱ्या कितीतरी पट्ट्यांची ती पूर्वज. १९८७ मध्ये त्यांनी डिट्रा नावाची नारिंगी चादर बाजारात आणली. गुडघ्यांवर बसून फरशी लावणाऱ्या माणसाला ती का फुटते हे दिसलं आणि त्याने उत्तर शोधलं. आपल्याकडच्या गवंड्यांनाही हे दिसत असतंच. त्यांना विचारणारा कुणी भेटत नाही, ही खरी अडचण.

चादरीची रचनाही सुरेख. वरच्या बाजूला चौकोनी खाचा, आणि त्यांच्या कडा आत वळलेल्या, म्हणजे तोंड अरुंद आणि पोट रुंद. मसाला आत गेला, घट्ट झाला की बाहेर निघायची सोय नाही. खालच्या बाजूला कापडी लव, ती खालच्या मसाल्यात रुतते. मधलं प्लॅस्टिक मात्र कुणालाच घट्ट चिकटत नाही. म्हणून आडव्या दिशेला थोडी सैल, उभ्या दिशेला पक्की.

मग प्लॅस्टिकवर उभं राहिलं तर फरशी दबत नाही का? नाही, कारण वजन प्लॅस्टिकवर पडतच नाही. प्रत्येक खाचेत मसाल्याचा एक छोटा खांब तयार होतो आणि भार त्या शेकडो खांबांवरून खाली जातो. भरलेलं पाण्याचं पिंप ठेवा, वॉशिंग मशीन ठेवा. खाचा अर्धवट भरल्या तरच गडबड. आणि याच कारणासाठी ५ सेंटिमीटरपेक्षा लहान टाइल त्यावर लावत नाहीत. तेवढ्याशा टाइलखाली पुरेसे खांब येत नाहीत. शॉवरखाली नाजूक मोझॅक हवं असेल तर मेम्ब्रेनचा नाद सोडा.

हमामची तापलेली फरशी

भोपाळमध्ये गरम फरशीचं कौतुक नवं नाही. कमला पार्कजवळचा कदीमी हमाम सुमारे ३०० वर्षं जुना मानला जातो. तो चालायचा फक्त हिवाळ्यात. खाली लाकडं पेटायची, वरची फरशी तापायची आणि त्या वाफेत अंग चोळून घ्यायला माणसं यायची. शहराबाहेर बैरसिया रस्त्यावरच्या जगदीशपूरला, म्हणजे पूर्वीच्या इस्लामनगरला, भोपाळ संस्थानाचा संस्थापक दोस्त मोहम्मद खान याच्या काळातल्या चमन महालातही हमाम आहे. आपल्या जळगावच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात शाही किल्ल्यातला हमाम तर रंगवलेल्या छतासाठी प्रसिद्ध आहे.

खाली जाळ आणि वर पाणी. फरशीची याहून कठीण परीक्षा कोणती? ती पार पडली ती बरीचशी चुन्यामुळे. चुना-सुरखीचा मसाला सिमेंटइतका ताठ नसतो, बारीक हालचाल सोसतो. आता गंमत बघा. युरोपात अनकपलिंग मेम्ब्रेनची खरी मागणी वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे तापवलेली फरशी. आज अशाही चादरी मिळतात, ज्यांच्या उंचवट्यांमध्ये विजेची तापवणारी तार अडकवून वरून टाइल लावतात. हमामवाल्यांनी चुन्याकडून जे काम करून घेतलं, ते आता प्लॅस्टिक करतं.

टाइल रात्रभर भिजत घालू नका

जुनी सवय: उद्या टाइल लावायची तर आज हौदात बुडवून ठेवायची. मातीच्या, चमकदार थर दिलेल्या भिंतीच्या टाइल्सना ते योग्यच होतं. त्या पाणी पितात; कोरड्या लावल्या तर मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि मसाला उपाशी राहून भुसभुशीत होतो. पण आज गुजरातमधल्या मोरबीहून ट्रक भरभरून येणारी व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही. तिची शोषणक्षमता हजारात एखाद्या भागाच्या आसपास. तिला भिजवणं म्हणजे पाठीवर पाण्याचा पापुद्रा ठेवणं. सिमेंटचा घोळ तिच्या छिद्रांत शिरून पकड घेऊ शकत नाही, कारण छिद्रंच नाहीत. म्हणून तिला टाइल ॲडेसिव्ह लागतं. आपल्याकडे आयएस १५४७७ या मानकात त्याचे पाच प्रकार केलेले आहेत. पिशवीवर प्रकार छापलेला असतो, तो वाचून घ्या.

याउलट मुंबईच्या भारत फ्लोरिंग्जने १९२२ पासून बनवलेल्या रंगीत सिमेंट टाइल्स भट्टीत जातच नाहीत; त्या दाबून आणि पाण्यात मुरवून तयार होतात. स्लॅबच्याच कुळातल्या असल्यामुळे ऊन-थंडीत त्या जवळजवळ स्लॅबइतक्याच वाढतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत त्या दोन-तीन पिढ्या टिकल्या त्यात या नात्याचाही वाटा आहे.

आणखी एक उलटं गणित. टाइल मोठी तितकं काम भक्कम, असं दुकानात सांगतात. ३ मीटरच्या ओळीत फूटभर टाइल लावली तर नऊ सांधे येतात. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल लांबीने लावली तर दोन. प्रत्येक सांधा थोडी हालचाल सोसतो. सांधे कमी झाले की सोसणारे कमी झाले. मोठ्या टाइलची हौस असेल तर मेम्ब्रेनची गरज वाढते.

लावताना

स्लॅब झाडून, धुऊन घ्यायचा. लांब सरळ पट्टी ठेवून पाहायची; मोठ्या टाइलसाठी ३ मीटरमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा-उंचवटा चालत नाही. तो आधीच भरून घ्यावा. मेम्ब्रेन वर-खाली झालेली जमीन सपाट करत नाही, खड्ड्यात टाकलं तर तेही खड्ड्यात जातं. ढाळही खालच्या कोब्यातच द्यावा लागतो: मीटरमागे २ सेंटिमीटर, नहाणी ट्रॅपच्या दिशेने. टाइल लावताना "ॲडजस्ट करून घेऊ" म्हणणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

मग खाचेदार थापीने मसाला पसरायचा, रेघा सगळ्या एकाच दिशेने. गोल फिरवलेल्या रेघांत हवा कोंडते. चादर लवेची बाजू खाली ठेवून अंथरायची, लाकडी थापीने किंवा रोलरने दाबायची, आणि लगेच एक कोपरा उचलून बघायचा. लवेत मसाला सगळीकडे भिनलेला दिसला तर उत्तम. कोरडे डाग दिसले तर मसाला घट्ट झाला होता किंवा थर कमी पडला. भोपाळच्या उन्हाळ्यात पसरलेल्या मसाल्यावर बघता बघता साय धरते, म्हणून एका वेळी हात पोचेल तेवढंच पसरायचं आणि खिडकीतून ऊन येत असेल तर पोतं टांगायचं.

गळतीची चाचणी करायची नसेल तिथे खालचा मसाला वाळायची वाट बघावी लागत नाही, लगेच वर टाइल लावता येते. घाईच्या घरांना ही मोठीच सोय. थापीच्या सपाट बाजूने खाचा काठोकाठ भरायच्या, मग त्यावर खाचेदार बाजूने रेघा ओढायच्या आणि टाइल दाबून बसवायची. दर थोड्या वेळाने एखादी टाइल उचलून तिची पाठ बघायची. बाथरूमसारख्या ओल्या जागी पाठीचा ९५ टक्के भाग मसाल्याने माखलेला हवा. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून टाइल ठोकायची जी पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे, ती इथे घातक. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं, वास येतो, आणि नाण्याने ठोकलं की टाइल बद्द वाजते.

मसाला कोणता, यात एक छान गुंतागुंत आहे. सगळ्यात महाग, भरपूर पॉलिमर घातलेला मसाला सर्वांत चांगला, असं वाटेल. पण पॉलिमरला सुकायला हवा लागते. वर पाणी न पिणारी टाइल, खाली प्लॅस्टिक, हवा येणार कुठून? साध्या सिमेंटच्या मसाल्याला हवेची गरज नाही, तो आतल्या पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतो. म्हणून डिट्राच्या वर साधा, पॉलिमर न घातलेला मसाला वापरायला तिचे उत्पादक सांगत आले आहेत. दुसऱ्या कंपनीच्या चादरीचं वेगळं असू शकतं. चादरीच्या गुंडाळीसोबत आलेला कागद कामगाराला वाचून दाखवायचा, फेकायचा नाही.

जे चादरीला जमत नाही

भोपाळच्या टेकड्या विंध्य वालुकाश्माच्या, पण आजूबाजूला दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली काळी माती पसरली आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीवरच्या तळमजल्यात भराव नीट चोपला नसेल तर फरशीचा एक भाग वर येतो, दुसरा खचतो. अशा वर-खाली हालचालीपुढे कुठलंही मेम्ब्रेन हतबल आहे. ते सांभाळतं आडवी ओढ, उभी नाही. तिथे इलाज पायाचा: काळी माती काढणं, मुरूम भरणं, पाणी घालून थराथराने चोपणं.

वरच्या मजल्यावर आपली खास भानगड म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे भरतात आणि त्यावर कोबा. भराव सैल राहिला तर कोबा बसतो. मेम्ब्रेन अंथरायच्या आधी त्या कोब्यावरून फिरून, ठोकून, आवाज ऐकून घ्या.

गळतीचं काय? प्लॅस्टिकमधून पाणी जात नाही, पण दोन चादरींच्या जोडातून आणि भिंतीच्या कोपऱ्यातून ते हमखास जातं. जोडांवर वेगळी पट्टी चिकटवावी लागते, दोन्हीकडे किमान ५ सेंटिमीटर धरून, आणि ती भिंतीवर चढवावी लागते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात विटा जिप्समच्या मसाल्यात घट्ट बसवल्या होत्या आणि त्यामागे डांबराचा सलग थर दिला होता. तिथेही भर होता तो सलगपणावर. पट्ट्या लावून झाल्या की ट्रॅपला बोळा घालून पाणी साठवा, दोन दिवस तसंच ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. शेजारधर्म म्हणून त्यांना आधी सांगून ठेवा. टाइल त्यानंतरच.

६ मिलिमीटरची फट

हे सगळं करूनही फरशी भिंतीला टेकवून ठासून बसवली तर चादरीने दिलेली मोकळीक जाणार कुठे? फरशीला सरकायला कडेला जागाच नसते आणि ती मधून उचलली जाते. म्हणून चारही बाजूंनी साधारण ६ मिलिमीटर फट सोडायची. मोठ्या हॉलमध्ये दर ६ ते साडेसात मीटरला, आणि ऊन किंवा ओल लागणाऱ्या जागी दर अडीच ते साडेतीन मीटरला असाच मऊ सांधा द्यायचा. या फटीत ग्राउट किंवा पांढरं सिमेंट भरायचं नाही, सिलिकॉन भरायचं. मिस्त्री सवयीने उरलेला मसाला त्यात ढकलतो आणि बोटाने पुसून मोकळा होतो. तो मसाला ओला असतानाच खरवडून काढायला लावा. फट दिसायला वाईट वाटते ही तक्रारही उरत नाही. भिंतीच्या टाइलची सगळ्यात खालची ओळ फरशीनंतर लावायला सांगितली की ती फटीवर येऊन बसते, आणि तिच्या खालच्या कडेला सिलिकॉनची एक बारीक रेघ पुरते.